बधवार पार्क, रात्री साडेआठ

१४ सप्टेंबर २००६. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या दोन वर्षे, दोन महिने, बारा दिवस आधी.
मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर एक अमेरिकी नागरिक उतरतो. पासपोर्टवर नाव डेव्हिड कोलमन हेडली, जन्मस्थळ वॉशिंग्टन. वर्षाच्या सुरुवातीपर्यंत त्याचे नाव दाऊद गिलानी होते. फिलाडेल्फियात त्याने ते कायदेशीर बदलून घेतले. व्हिसाच्या अर्जात त्याने जन्मनाव लपवले, वडिलांचे खरे नाव लपवले आणि येण्याचे कारण खोटे लिहिले. इमिग्रेशनच्या खिडकीतल्या अधिकाऱ्यापुढे त्याला थांबवण्याजोगे काहीही नव्हते.

दोन दिवसांनी, १६ सप्टेंबरला, हवानात भारताचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि पाकिस्तानचे अध्यक्ष परवेझ मुशर्रफ भेटतात. दहशतवादाविरुद्ध दोन्ही देशांची संयुक्त यंत्रणा उभारायचे जाहीर होते. मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले आहेत.

भारताला या माणसाबद्दल काही माहीत नव्हते. अमेरिकेला होते. हेरॉइनच्या तस्करीत तो दोनदा पकडला गेला होता आणि त्यानंतर तिथल्या अमली पदार्थविरोधी विभागाचा खबऱ्या बनला होता. ऑगस्ट २००५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये घरगुती भांडणावरून पोलीस आले, तेव्हा त्याच्या पत्नीने सांगितले की नवरा पाकिस्तानात लष्कर-ए-तय्यबाच्या तळावर प्रशिक्षण घेऊन आला आहे. एफबीआयच्या दहशतवादविरोधी पथकाने तिच्याशी बोलून घेतले. चौकशी तिथेच थांबली.

डिसेंबर २००७. अकरा महिने आधी.
इस्लामाबादेतल्या अमेरिकी वकिलातीत हेडलीची आणखी एक पत्नी येते. ती मोरोक्कोची. तिच्याजवळ मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात नवऱ्यासोबत काढलेले फोटो आहेत. ती सांगते, तो लष्करचा माणूस आहे. पुढच्या काही महिन्यांत ती पुन्हा जाऊन तेच सांगते. वकिलातीतले अधिकारी ऐकून घेतात. माहिती फार मोघम होती, असे अमेरिकेचे नंतरचे म्हणणे.

ती माहिती मोघम का वाटली, याचा विचार करायला हवा. पाकिस्तानला अमेरिकेने २००४ मध्ये नाटोबाहेरच्या प्रमुख मित्रदेशाचा दर्जा दिला होता. २००१ नंतरच्या सात वर्षांत त्याला दहा अब्ज डॉलरहून अधिक मदत पोचली होती. मोबदल्यात अमेरिकेला अल-कायदा हवी होती, अफगाण सीमेवरचे डोंगर हवे होते. लष्कर-ए-तय्यबा अमेरिकेच्या बंदी यादीत होती, पण ती भारताची डोकेदुखी म्हणून ओळखली जाई. दोन बायकांनी दोन खंडांत एकच गोष्ट सांगितली. ती ऐकणाऱ्या कचेऱ्यांच्या प्राधान्यक्रमात मुंबई नव्हती. माझ्या मते चूक एका अधिकाऱ्याची नव्हती, ती त्या मैत्रीच्या रचनेतच होती.

एप्रिल २००८. सात महिने आधी.
हेडली पुन्हा मुंबईत. या वेळी तो बंदरातल्या बोटींतून फिरतो, जीपीएसवर जागा नोंदवतो. ताज वगैरे ठिकाणांचे चित्रण त्याने आधीच पोचवले आहे. आता किनाऱ्यावर उतरण्याची जागा हवी आहे. कफ परेडला बधवार पार्कजवळ मच्छीमार वस्ती आहे. तिथे रोज बोटी लागतात, माणसे चढतात, उतरतात, आणि रस्ता हाकेच्या अंतरावर आहे. नोंदलेल्या जागा पाकिस्तानात साजिद मीर या त्याच्या सूत्रधाराकडे जातात. जुलैत तो परत येतो, तेव्हा छत्रपती शिवाजी टर्मिनस आणि कुलाब्याचे छबाड हाऊस, म्हणजे नरिमन हाऊस, हेही बघून जातो.

समुद्राकडून येणारा धोका महाराष्ट्राला नवा नव्हता. १९९३ च्या स्फोटांसाठीचे आरडीएक्स रायगडात दिघी आणि शेखाडीला उतरले होते आणि २५७ माणसे मेली होती. किनारा सुरक्षा योजना २००५ साली आली: देशभर ७३ सागरी पोलीस ठाणी आणि २०४ नौका. कागदावर ती पुरेशी दिसत होती.

२००६ ते ऑगस्ट २००८ या काळात गुप्तचर यंत्रणेकडून एकूण २६ इशारे आले. हल्ल्यानंतर राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीने ते एकत्र मांडले. अकरांत एकाच वेळी अनेक ठिकाणी हल्ल्याची शक्यता होती, सहांत समुद्रमार्गाची, तिनांत फिदायीन हल्ल्याची. ते दोन वर्षांत सुटे सुटे आले आणि सुटे सुटेच वाचले गेले. सव्वीस कागद एका टेबलावर कोणी ठेवले नाहीत.

ऑगस्ट २००८. तीन महिने आधी.
दक्षिण मुंबईचे पोलीस उपायुक्त विश्वास नांगरे पाटील ताजच्या सुरक्षेबाबत हॉटेलच्या अधिकाऱ्यांशी बोलतात, उपाय सुचवतात. २० सप्टेंबरला इस्लामाबादचे मॅरियट स्फोटकांनी भरलेल्या ट्रकने उडवले जाते. ताजच्या दारात तपासणी कडक होते. काही आठवड्यांत ती सैल होते. रतन टाटांनी हल्ल्यानंतर सीएनएनच्या मुलाखतीत हे मोकळेपणाने सांगितले. तपासणी कायम असती तरी हल्लेखोर थांबले नसते, असेही ते म्हणाले.

सप्टेंबर २००८. दोन महिने आधी.
कराचीहून पहिली बोट निघते आणि खडकावर आपटते. शस्त्रे बुडतात, माणसे वाचतात. ऑक्टोबरमधला दुसरा प्रयत्नही फसतो. दोन्ही वेळा मोहीम रद्द होत नाही, पुढे ढकलली जाते.

याच सप्टेंबरपासून ब्रिटनची जीसीएचक्यू ही यंत्रणा लष्करच्या तंत्रज्ञान विभागाचा प्रमुख झरार शाह याच्या संगणकावर नजर ठेवून आहे. तो गुगल अर्थवर मुंबईचे मार्ग पाहतो. फोनचा मूळ पत्ता दिसू नये म्हणून तो इंटरनेटवरून फोन लावण्याची सोय उभी करतो. भारतीय यंत्रणाही त्याच्या मागावर आहेत. अमेरिकेकडे तिसऱ्याच वाटेने आलेले तुकडे आहेत आणि त्यातले काही इशारे तिने दिल्लीला दिलेही आहेत. तीन देश एकाच माणसाच्या आसपास आहेत. प्रत्येकाकडे चित्राचा एक कोपरा आहे, आणि तिन्ही कोपरे जोडून पाहायची वेळ हल्ला सुरू झाल्यावर येते.

१० ऑक्टोबर २००८. ४७ दिवस आधी.
वॉशिंग्टनमध्ये भारताचे परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी आणि अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री कोंडोलीझा राईस भारत-अमेरिका अणुकरारावर सह्या करतात. दोन्ही देश इतके जवळ पूर्वी कधी आले नव्हते. हेडलीच्या पत्नींनी दिलेली माहिती दिल्लीला पोचलेली नाही. अणुभट्ट्यांच्या तपासणीवर दोन्ही बाजूंनी तीन वर्षे शब्दाशब्दाचा कीस पाडला. संशयितांची नावे एकमेकांना देण्याच्या बाबतीत तेवढी चिकाटी कोणी दाखवली नाही.

२७ ऑक्टोबर. ३० दिवस आधी.
न्यू जर्सीतल्या कॉलफोनेक्स या कंपनीच्या खात्यात २५० डॉलर जमा होतात. ग्राहकाचे नाव खरकसिंग. तो स्वतःला भारतातला विक्रेता म्हणवतो. या खात्यावरून महिनाभराने कराचीतले सूत्रधार ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊसमधल्या माणसांशी बोलणार आहेत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. आठ दिवस आधी.
रॉ एक संभाषण पकडते. समुद्रातून लाहोरला झालेल्या या बोलण्यात मुंबईकडे निघणाऱ्या मालाचा उल्लेख आहे. दुसऱ्या दिवशी लष्करच्या संशयित बोटीचा ठावठिकाणा नौदल आणि तटरक्षक दलाकडे जातो. ते ठिकाण कराचीजवळचे, पाकिस्तानी हद्दीतले. तटरक्षक दल गस्त घालते, काही सापडत नाही, ते आणखी तपशील मागते. ते काही आले नाहीत.

त्याच आठवड्यात गुप्तचर विभागाकडे ३५ मोबाइल क्रमांकांची यादी येते. लष्करने मिळवलेली ही भारतीय सिमकार्डे आहेत. ती निगराणीखाली टाकली जात नाहीत. यादीतले तीन क्रमांक पुढच्या बुधवारी मुंबईत वापरले जातील.

२२ नोव्हेंबर, शनिवार. चार दिवस आधी.
या एका दिवशी तीन गोष्टी घडतात.

सकाळी कराचीच्या किनाऱ्यावरून दहा जण लहान बोटीने निघतात आणि पुढे अल हुसेनी या मोठ्या बोटीवर चढतात. प्रत्येकाकडे एके-४७, पिस्तूल, काडतुसे, हातबॉम्ब, आरडीएक्सचा बॉम्ब आणि १० हजार ८०० भारतीय रुपये. शिवाय हिंदू नावांची खोटी ओळखपत्रे.

दिल्लीत राज्यांच्या पोलीस महासंचालकांच्या परिषदेत गृहमंत्री शिवराज पाटील सांगतात की दहशतवादी समुद्रमार्गाने शिरणार नाहीत हे पाहावे लागेल, आणि नौदल, तटरक्षक दल व सागरी पोलिसांना किनारे राखावे लागतील.

दिल्लीतच एका वृत्तपत्राच्या परिषदेत पाकिस्तानचे अध्यक्ष आसिफ अली झरदारी पडद्यावरून बोलतात. पाकिस्तान अण्वस्त्रांचा पहिला वापर करणार नाही, असे ते जाहीर करतात. रविवारच्या वृत्तपत्रांत ही मोठी बातमी आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार. तीन दिवस आधी.
अरबी समुद्रात पोरबंदरची कुबेर ही मासेमारी बोट अडवली जाते. चार खलाशांना अल हुसेनीवर नेऊन ठार मारतात. तांडेलाला जिवंत ठेवतात, कारण मुंबईची वाट त्यालाच ठाऊक आहे. दहा जण शस्त्रांसह कुबेरवर येतात. त्या पाण्यात अशा शेकडो बोटी असतात. गुजरातेत नोंदलेली, भारतीय झेंड्याची, भारतीय तांडेलाच्या हातातली बोट कोणी का अडवावी? तटरक्षक दल पाकिस्तानी बोट शोधत होते.

२५ नोव्हेंबर, मंगळवार. एक दिवस आधी.
इटलीच्या ब्रेशिया शहरातून कॉलफोनेक्सच्या खात्यात आणखी २२९ डॉलर येतात.

इस्लामाबादेत दोन्ही देशांच्या गृहसचिवांची बोलणी सुरू होतात. भारताच्या बाजूने मधुकर गुप्ता आहेत. विषय दहशतवाद आणि अमली पदार्थ.

२६ नोव्हेंबर, बुधवार. दुपार.
पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री शाह मेहमूद कुरेशी दिल्लीत प्रणव मुखर्जींना भेटतात. इस्लामाबादची बोलणी संपतात. संयुक्त निवेदनात दहशतवादाविरुद्ध सहकार्याची ग्वाही आहे. भारतीय शिष्टमंडळ परत निघण्याऐवजी एक दिवस थांबते आणि मरी या थंड हवेच्या ठिकाणी मुक्कामाला जाते. देशाचा गृहसचिव त्या रात्री पाकिस्तानात असणार आहे.

दुपारी ४:००
कुबेर मुंबईपासून चारेक सागरी मैलांवर येऊन थांबते. सगळ्या प्रवासात तिला कोणी हटकलेले नाही. कराचीशी सॅटेलाइट फोनवर बोलणे होते. तांडेलाचे काम संपलेले आहे. त्याला ठार मारतात.

संध्याकाळी ७:१५
अंधार पडल्यावर दहा जण यामाहा इंजिनाच्या रबरी बोटीत उतरतात. कुबेर बुडवायची असे ठरले होते. जवळ एक बोट येताना दिसते, ती नौदलाची वाटते, आणि ते घाईने निघतात. कुबेर तरंगत राहते, आत सॅटेलाइट फोन, जीपीएस आणि तांडेलाचा मृतदेह. दुसऱ्या दिवशी हेच सगळे पुरावे होतील.

रात्री ८:३०
बोट बधवार पार्कला लागते. भारत सरकारने पाकिस्तानला दिलेल्या टिपणात ही वेळ आहे. न्यायालयातल्या साक्षीत सव्वानऊ येते. कटकला भारत-इंग्लंड एकदिवसीय सामना चालू आहे आणि वस्तीत अनेक जण टीव्हीपुढे आहेत. तरीही पाठीवर जड पिशव्या घेऊन उतरणारी तरुण मुले काही रहिवाशांच्या नजरेत भरतात. एक जण विचारतोही, कोण, कुठून आलात? मिळते ते तुसडे उत्तर. ही वस्ती समुद्राची आणि अनोळखी माणसाची पारख असलेली आहे. सव्वीस इशाऱ्यांपैकी एक जरी तिच्यापर्यंत आला असता, तरी त्या प्रश्नानंतर काय करायचे हे त्या माणसाला माहीत असते.

दहा जणांच्या पाच जोड्या होतात. काही जण टॅक्सी पकडतात.

रात्री ९:२० ते १०:२५
लिओपोल्ड कॅफे, ताज, सीएसटी, ओबेरॉय-ट्रायडंट, नरिमन हाऊस. सीएसटीवरच पन्नासहून अधिक माणसे मरतात, बहुतेक गावी जाणारी. उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या खोलीतून प्रवाशांना सतत सांगत राहतात की मुख्य दाराकडे येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा. त्या रात्री एक इशारा तरी वेळेवर पोचला.

रेल्वे पोलिसांच्या हातात जुन्या रायफली आहेत, काहींकडे लाठ्या. प्रधान समितीच्या अहवालानुसार मुंबई पोलिसांचा गोळीबाराचा सराव सप्टेंबर २००७ पासून बंद आहे. काडतुसेच नव्हती.

रात्री ११:२४
दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे कामा हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला आहेत. नियंत्रण कक्षाला ते बिनतारी संदेश देतात: हॉस्पिटलला पुढच्या बाजूने वेढा घाला, सैन्याशी बोला. अतिरिक्त पोलीस आयुक्त सदानंद दाते आत जखमी आहेत. पुढच्या बाजूला कुमक येत नाही. त्या रात्री मारले गेलेले पोलीस अधिकारी अशोक कामटे यांच्या पत्नी विनिता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात या नोंदी मिळवल्या आणि त्यावर पुस्तक लिहिले. आपला नवरा कोणत्या मिनिटाला एकटा पडला, हे एका पत्नीला अर्ज करून विचारावे लागले.

मध्यरात्रीनंतर
रंगभवनच्या गल्लीत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर क्वालिस गाडीत मारले जातात. अर्ध्या तासाने गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे हल्लेखोर अजमल कसाबच्या रायफलीची नळी हातांनी धरून ठेवतात, गोळ्या झेलतात आणि सोडत नाहीत. त्यामुळे दहांपैकी एक जिवंत हाती लागतो. मागच्या दोन वर्षांत यंत्रणांना जो पुरावा जुळवता आला नाही, तो एका सहायक उपनिरीक्षकाने लाठीच्या बळावर मिळवून दिला.

याच वेळी हरियाणात मानेसरला एनएसजीचे कमांडो तयार आहेत. मुख्यमंत्री विलासराव देशमुख केरळात आहेत, मागणी तिथून जाते. दोनशे माणसे नेणारे इल्युशिन-७६ विमान दिल्लीत नाही, चंडीगडला आहे. ते आधी दिल्लीला आणावे लागते. देशाच्या आर्थिक राजधानीत कमांडोंचा तळ नाही आणि दिल्लीत त्यांच्यासाठी राखीव विमान नाही. संसदेवरचा हल्ला होऊन सात वर्षे झाली आहेत.

२७ नोव्हेंबर, पहाटे ५ नंतर
विमान मुंबईत उतरते. कमांडो बेस्टच्या बसगाड्यांतून दक्षिण मुंबईकडे निघतात. पहिल्या गोळीला आठ तास होऊन गेले आहेत. न्यू जर्सीच्या खात्यावरून कराचीचे सूत्रधार आत असलेल्यांना सांगत आहेत की टीव्हीवर काय दिसते आहे, आता कुठल्या मजल्यावर जा, कुठे आग लावा. भारतीय यंत्रणा ते बोलणे आता शब्दन् शब्द ऐकत आहेत. ताज शनिवारी, २९ तारखेला सकाळी मोकळे होते. १६६ माणसे गेली. त्यांत सहा अमेरिकी होते.

मार्च २००९. साडेतीन महिने नंतर.
डेव्हिड हेडली भारतात येतो. जुलै २००७ मध्ये मिळालेला पाच वर्षांचा व्हिसा अजून चालू आहे. तो दिल्लीत फिरतो आणि पुण्यात कोरेगाव पार्कचे छबाड हाऊस पाहून जातो. त्याच भागातल्या जर्मन बेकरीत १३ फेब्रुवारी २०१० ला स्फोट होईल आणि १७ जण मरतील.

३ ऑक्टोबर २००९.
शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावर एफबीआय त्याला पकडते. त्याच्यावर नजर बसली ती मुंबईमुळे नाही. डेन्मार्कच्या एका वृत्तपत्रावर हल्ल्याची तयारी करताना तो इंग्लंडात डर्बीला काही जणांना भेटला. ते ब्रिटिशांच्या नजरेखाली होते, आणि ब्रिटिशांनी अमेरिकेला कळवले. कोपनहेगनसाठी माहिती एका देशातून दुसऱ्या देशात काही आठवड्यांत पोचली.

मार्च २०१० मध्ये हेडलीने गुन्हा कबूल केला. बदल्यात अमेरिकी सरकारने त्याला फाशी न देण्याचे आणि भारताच्या हवाली न करण्याचे मान्य केले. भारतीय तपास पथकाला त्याच्यासमोर बसता आले ते जून २०१० मध्ये, शिकागोत, एका आठवड्यात मिळून ३४ तास.